ऑपरेशननंतरचे बेचाळीस दिवस

उमरग्याकडच्या किंवा परंड्याकडच्या एखाद्या गावात कुणाचे मांडीचे हाड मोडले, की पुढची धावपळ साऱ्या गावाला पाठ असते. गाडी मिळवायची, सोलापूर, लातूर नाहीतर बार्शी गाठायची, एक्स-रे काढायचा, ‘रॉड टाकावा लागेल’ हे ऐकायचे, योजनेचे कार्ड शोधायचे, ते चालले नाही तर सोने गहाण ठेवायचे. आठ-दहा दिवसांत माणूस घरी येतो. ओसरीवर खाट पडते, पाहुणे केळी-बिस्किटे घेऊन भेटून जातात आणि जो तो एकच सांगतो : हलू नकोस, हाड जुळू दे. त्यानंतरचे काहीच कुणाच्या वहीत नोंदले जात नाही. रॉड सरळ बसला, टाके निघाले, एवढ्यावर दवाखान्याचे काम संपते. गुडघा किती वाकतो, माणूस एकटा संडासला जाऊ शकतो का, बांध ओलांडून शेतात जातो का, हे विचारायला कुणी येत नाही. माझे म्हणणे असे, की टाळता येण्याजोगे अधूपण बऱ्याच अंशी या न विचारलेल्या दीड-दोन महिन्यांत तयार होते. आणि ते टाळायला धाराशिवसारख्या जिल्ह्याला मोठी यंत्रे किंवा चकचकीत केंद्रे लागत नाहीत. लागते ते ठरलेल्या दिवशी घरी येऊन पाहणारे, थोडे शिकलेले माणूस.

आधी ‘हलू नकोस’ या सल्ल्याकडे पाहू, कारण तो प्रेमापोटी दिला जातो आणि म्हणूनच मोडणे अवघड जाते. खाटेवर पडून राहिल्याने शरीराचे काय होते, याचा अभ्यास जुना आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलस येथे विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवण्यात आले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. श्रम करण्याची त्यांची ताकद तीस वर्षांच्या वयाने जेवढी घटली नव्हती, तेवढी त्या तीन आठवड्यांत घटली होती. म्हाताऱ्या शरीराची पडझड याहून वेगाने होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठी ओलांडलेल्या निरोगी स्त्री-पुरुषांना फक्त १० दिवस झोपवून ठेवले, तर त्यांच्या पायांतले जवळजवळ एक किलो मांस झडले. यातल्या कुणाचेही हाड मोडलेले नव्हते, कुणाला जखम नव्हती, रक्त गेलेले नव्हते. खुब्याचे हाड मोडून ऑपरेशन झालेल्या सत्तरीतल्या आजीबाईंचे काय होत असेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

नुसते मांस झडून थांबत नाही. सांध्याभोवतीची पिशवी न हलल्याने आखडते. मांडीचे हाड मोडले असेल तर पुढचा मोठा स्नायू जुळू पाहणाऱ्या हाडालाच चिकटतो, आणि मग हाड उत्तम जुळते पण गुडघा वाकत नाही. इथे आपल्याकडच्या जगण्याचा प्रश्न वेगळा आहे, तो फिजिओथेरपीच्या परदेशी पुस्तकांत पुरेसा येत नाही. नव्वद अंशांत वाकणारा गुडघा खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला चालून जातो. सोयाबीन खुरपणाऱ्या, म्हशीची धार काढणाऱ्या, खाली बसून भाकरी थापणाऱ्या बाईला तो पुरत नाही. तिचा गुडघा त्याहून पुष्कळ अधिक वाकला पाहिजे, आणि तो वाकण्याची वेळ पहिल्या काही आठवड्यांची असते. ती निघून गेली की पुढे महिनोन् महिने झगडून थोडेच हाती लागते. याशिवाय पडून राहिलेल्याच्या पिंढरीतल्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती फुप्फुसात गेली तर माणूस अचानक दम लागून दगावतो. उताणे पडून खोकला नीट निघत नाही, छाती भरते, न्यूमोनिया होतो. माकडहाडावर आणि टाचांवर व्रण पडतात. मणक्याला मार लागून पाय लुळे पडलेल्या माणसाच्या बाबतीत तर हे व्रण आणि लघवीचा संसर्गच पुढे जिवावर बेततात. दर दोन तासांनी कूस बदलणे हा त्यावरचा बिनपैशाचा उपाय. तो करायचा असतो हे घरच्यांना कुणी सांगितलेलेच नसते.

यावर पहिला आक्षेप सहज येतो : हाड जुळायला विश्रांती लागतेच ना? लागते, पण मोडलेल्या हाडाला. बाकीच्या माणसाला नाही. आणि इथे थोडे इतिहासात जावे लागेल. मांडीच्या हाडात सळई घालण्याची आजची पद्धत जर्मन शल्यविशारद गेऱ्हार्ड क्युंटशर यांनी १९३९ मध्ये आणली. त्याआधी अशा रुग्णाच्या पायाला वजने टांगून त्याला दोन-तीन महिने खाटेला जखडून ठेवत. हाड जुळायचे, पण माणूस तोवर खंगायचा, कधी कधी जायचाही. सळईचा मोठा फायदाच हा, की हाड आतून पक्के धरले जाते आणि माणसाला लवकर उठून बसता, उभे राहता येते. आपण मात्र सळई टाकण्याचा खर्च करतो आणि वर पुन्हा जुन्या काळासारखे दोन महिने झोपवून ठेवतो. म्हणजे उपचाराचा सगळ्यात महागडा भाग विकत घ्यायचा आणि ज्यासाठी तो घेतला तेच वापरायचे नाही. खुब्याच्या ऑपरेशननंतर काही वैद्यकीय अडचण नसेल तर दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उभे करावे, असे ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचना २०११ पासून सांगत आहेत. आपल्याकडचे चांगले अस्थिरोगतज्ज्ञही हेच सांगतात. वॉर्डात तसे केलेही जाते. अडते ते घरी आल्यावर.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो डॉक्टरांकडून येतो. घाईने भार दिला तर स्क्रू निसटतो, प्लेट वाकते, पुन्हा ऑपरेशनची पाळी येते. हे खरे आहे. लवकर म्हणजे नेहमीच चांगले, असेही नाही. याचा धडा पक्षाघाताच्या रुग्णांवरच्या एका मोठ्या चाचणीने दिला. पाच देशांतल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या चाचणीत पहिल्या २४ तासांतच जोरात हालचाल सुरू केलेल्या रुग्णांची स्थिती तीन महिन्यांनी नेहमीचे उपचार घेतलेल्यांपेक्षा किंचित वाईट निघाली. तेव्हा कुणी, कधी, किती हे प्रत्येकाचे वेगळे. घोट्याच्या काही मोडींत सहा आठवडे पाय टेकवायचा नसतो. खुब्याच्या बहुतेक ऑपरेशनांत दुसऱ्या दिवसापासून पूर्ण भार चालतो. सांधा बदललेल्या खुब्याने मांडी घालून किंवा उकिडवे बसायचे नसते, कारण तो निखळू शकतो. तिथे घरात कमोडची खुर्ची लागते. हे सगळे ठाऊक असणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे ऑपरेशन करणारा सर्जन. आणि त्याचे हे ज्ञान रुग्णाच्या हाती कसे पोचते? डिस्चार्जच्या इंग्रजी कागदावर, आद्याक्षरांच्या लिपीत, औषधांच्या यादीखाली. कधी तेवढेही नाही. ‘जपून राहा’ एवढे तोंडी सांगितले जाते, आणि घाबरलेले घर त्याचा अर्थ ‘हलू नका’ असाच लावते. म्हणजे हा आक्षेप व्यायामाविरुद्ध नाही, मोघम सूचनेविरुद्ध आहे. कोणत्या पायावर किती भार, कोणत्या तारखेपासून, कोणते दोन-तीन व्यायाम, काय झाले तर लगेच परत यायचे, हे मराठीत एका कागदावर लिहून दिले तर घाई आणि भीती दोन्हींवर तो इलाज आहे.

आता तिसरा आक्षेप, जो जिल्ह्यातले अधिकारी आधी काढतील : फिजिओथेरपिस्ट आणायचे कुठून? २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ५७ हजार, त्यातले पाचात चारांहून अधिक खेड्यांत राहणारे. आठ तालुके. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातले जे मागास, ‘आकांक्षित’ जिल्हे निवडले त्यांत महाराष्ट्रातल्या चारांपैकी हा एक. तज्ज्ञ मुंबई-पुण्यात थांबतात, हे काही नवे नाही. आपल्याकडे या विद्येचा इतिहासच शहरी आहे. मुंबईत पोलिओच्या साथीने मुले लुळी पडू लागली, तेव्हा १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. १९५५ मध्ये हाजीअलीजवळ या विद्येची केंद्र सरकारची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. जायबंदी सैनिकांसाठी खडकीला पॅराप्लेजिक केंद्र निघाले ते १९७४ मध्ये. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर पोहण्याकडे वळले ते उपचाराच्या ओघात, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला त्यांनी भारताला पॅरालिंपिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. साथ आली, युद्ध झाले, की ही सेवा एक पाऊल पुढे सरकते आणि तिथेच थांबते. रोजच्या मोटारसायकलच्या अपघातांसाठी, न्हाणीत घसरणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी ती तालुक्याच्या गावापर्यंत क्वचितच उतरते.

पण तज्ज्ञ कमी आहेत म्हणून हात टेकण्याआधी हे पाहिले पाहिजे, की तज्ज्ञ नेमके कशासाठी लागतो. या बाबतीत गेल्या काही वर्षांतले पुरावे चकित करणारे आहेत. ऑस्ट्रेलियात घोटा मोडलेल्या रुग्णांचे दोन गट केले. प्लास्टर निघाल्यावर एका गटाला फिजिओथेरपिस्टने एकदाच नीट सल्ला दिला, दुसऱ्या गटाकडून सल्ल्याबरोबरच देखरेखीखाली व्यायामही करून घेतले. २०१५ मध्ये निष्कर्ष आला : दोन्ही गट सारखेच सुधारले. त्याच देशात गुडघ्याचा सांधा बदललेल्या रुग्णांपैकी काहींना १० दिवस रुग्णालयात ठेवून व्यायाम दिले आणि मग घरी पाठवले, इतरांना थेट घरी पाठवून आखून दिलेल्या व्यायामांवर लक्ष ठेवले. सहा महिन्यांनी चालण्याच्या चाचणीत दोघांत फरक नव्हता. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. विजेचे शेक, कंपन देणारे पट्टे, लाल दिवे यांच्यासाठी रोज भाडे खर्चून तालुक्याला जाणाऱ्या आपल्या माणसांनी हे वाचायला हवे. बहुतेक साध्या मोडींत काम करतो तो योग्य सल्ला आणि रुग्णाचा स्वतःचा पाय. यंत्राची गरज फार थोड्यांना असते.

मग काय, घरच्यांना एकदा शिकवून मोकळे व्हावे? इथे मात्र भारतातलाच एक पुरावा आडवा येतो, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. २०१४ ते २०१६ या काळात देशातल्या १४ रुग्णालयांत पक्षाघाताच्या १,२५० रुग्णांवर एक चाचणी झाली. अर्ध्या रुग्णांच्या घरच्या माणसाला व्यायाम आणि शुश्रूषा शिकवून पाठवले, उरलेल्यांना नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी झालेल्यांचे प्रमाण दोन्हीकडे ४७ टक्के. काडीचा फरक नाही. पक्षाघात आणि मोडलेला पाय एक नव्हेत, एकात मेंदूच जखमी असतो, त्यामुळे हा निकाल हाडाच्या रुग्णांना जसाच्या तसा लागू करणे चूक ठरेल. तरीही तो सावध करतो. घरच्यांच्या गळ्यात सगळी जबाबदारी घातली की काम झाले, हा सरकारला स्वस्तात पडणारा विचार त्यातून खोटा ठरतो. ऑस्ट्रेलियातल्या रुग्णाला सल्ला दिला तो तज्ज्ञाने, त्याच्या भाषेत, आणि अडले तर फोनवर विचारायला कुणी तरी होते. आपल्याकडे तज्ज्ञ सोलापुरात, कागद इंग्रजीत आणि विचारायला शेजारची काकू. या दोहोंमधली जागा भरायची आहे. रोज व्यायाम करून घेणाऱ्याची गरज नाही, पण ठरावीक दिवसांनी येऊन पाहणारे, चुकले असेल तर सांगणारे आणि धोका दिसला तर गाडीत बसवणारे माणूस हवे.

असे माणूस या जिल्ह्यात पूर्वी घडवले गेले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसे गेली, पंधरा हजारांवर जखमी झाली. सास्तूरसारखी लोहारा-उमरगा भागातली गावे दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाखाली गाडली गेली. आठवण आपण मृतांची काढतो. दगडाखालून निघालेल्यांचे मोडलेले पाय, चेचलेले खुबे, मणके यांचे पुढे वर्षभरात काय झाले, याबद्दल फारसे बोलले जात नाही. आज जागतिक आरोग्य संघटनेचे आपत्तीतल्या वैद्यकीय पथकांसाठीचे २०१६ चे निकष असे सांगतात, की आंतररुग्ण शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकाबरोबर दर २० खाटांमागे निदान एक पुनर्वसन तज्ज्ञ पहिल्यापासून असावा. १९९३ मध्ये असा विचार जगातही नीट रुजला नव्हता. घरांच्या बाबतीत मात्र एक नवी गोष्ट घडली. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, पण त्याहून कितीतरी अधिक, शेकडो गावांत लोकांनी आपलीच घरे दुरुस्त करून भक्कम करायची होती. कोपरे कसे बांधायचे, भिंतीत आडवे पट्टे कसे घालायचे हे अभियंत्यांचे ज्ञान घराघरात न्यायला ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावातल्याच बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. चार भिंतींबाहेर फारशा न पडलेल्या या बायकांनी सिमेंट-लोखंडाचे मोजमाप शिकून घेतले, गवंड्यांना जाब विचारला, अधिकाऱ्यांना गावाची अडचण सांगितली. त्याच सुमारास तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या बायकांना आरोग्याचे शिक्षण द्यायला सुरुवात केली. घराचे कोपरे तपासायला शिकलेल्या बाईला गुडघ्याचा कोन तपासणे जमणार नाही, असे म्हणण्याला काही आधार उरत नाही.

त्याहून थेट उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि त्याने बालमृत्यू घटतात हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सिद्ध केले. त्यावरून देशभर आशांच्या घरभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाऊन पाहते, कागदावर खुणा करते आणि भेटी पुऱ्या झाल्या की तिला २५० रुपये मिळतात. या तारखा हाडाच्या रुग्णाला नुसत्या लावून पाहा. तिसऱ्या दिवशी जखम आणि पिंढरीची सूज. सातव्या दिवशी माणूस वॉकरवर उभा राहतो का, संडासची सोय काय. चौदाव्याला टाके आणि गुडघा किती वाकला. पुढच्या भेटींत तोच कोन, तीच पावले. बेचाळिसाव्या दिवशी सहा आठवडे होतात, आणि तेव्हाच बहुधा नवे हाड धरले का हे पाहायला एक्स-रे काढायचा असतो. वेळापत्रक तयारच आहे, फक्त त्यावर बाळाऐवजी आजीचे नाव घालायचे आहे.

इथे रास्त हरकत येईल ती आशांकडूनच. लसीकरण, गरोदर बाया, क्षयरोग, सर्वेक्षणे, मोबाइलवरच्या नोंदी. वाढवून किती कामे टाकणार, आणि तीही तुटपुंज्या मोबदल्यावर? ही हरकत मला पूर्ण मान्य आहे. फुकट काम वाढवायचे असेल तर ही योजना न आणलेली बरी. पण वर्षभरात एका गावात मोठे हाड मोडलेली किंवा मोठे ऑपरेशन झालेली माणसे बाळांइतकी नसतात, आणि पैसा कुठून आणायचा याचे उत्तर ऑपरेशनच्या पॅकेजातच आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून रुग्णालयाला ऑपरेशनचे पैसे मिळतात, त्यात घरी सोडल्यानंतर १० दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधे धरलेली असतात. अकराव्या दिवशी हाड जुळलेले नसते, गुडघा वाकत नसतो, पण योजनेच्या हिशेबी रुग्ण बरा झालेला असतो. हे १० दिवस ४२ करावेत, सहा भेटींचे पैसे पॅकेजातून थेट आशाला मिळावेत, आणि रुग्णालयाला मिळणाऱ्या रकमेचा शेवटचा हप्ता रुग्णाच्या बेचाळिसाव्या दिवसाच्या नोंदीशी बांधावा. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी देखरेख करू शकतात. ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची सोय मानतो. तिथला तज्ज्ञ रोज वीस जणांना शेक देण्याऐवजी आठवड्यातून एक दिवस आशांच्या शंका फोनवर सोडवू लागला तर त्याचा उपयोग कितीतरी पट होईल.

एवढे लिहून झाल्यावरही एक मोठी गोष्ट बाकी राहते, आणि ती वरच्या सगळ्या मांडणीला उलट्या बाजूने तपासते. ज्याच्या घरात खाट टाकून बसवायची ऐपत आहे त्याचे दुखणे अति विश्रांतीचे. जिथे ती नाही तिथे दुखणे विश्रांती न मिळण्याचे. भूम, वाशी, कळंब या पट्ट्यातून आणि शेजारच्या बीडमधून दिवाळीच्या आसपास ऊसतोड मजुरांची कुटुंबे बाहेर पडतात. उचल आधीच घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कामाला न गेल्यास खाड्याचे पैसे कापले जातात. बाई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आला. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते. ते का काढले, हा प्रश्न गाजला आणि गाजायलाच हवा होता. पण काढल्यानंतर किती दिवसांनी तिने मोळी उचलली, हे विचारले गेले नाही. पोटाच्या अशा ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे जड उचलायचे नसते. पुन्हा तेच बेचाळीस दिवस. उचलीच्या हिशेबात ते बसत नाहीत. एकाच घरात सासूला खुब्यासाठी तीन महिने हलू दिले जात नाही आणि सुनेला टाके ओले असताना हंडा उचलावा लागतो, यात मला विरोधाभास वाटत नाही. दोन्हीकडे हळूहळू, मोजून कामाला लावणारे कुणी नसते. आशाची भेट सुनेलाही हवी, आणि मजुरीच्या भरपाईशिवाय तिला ती पुरणार नाही, हेही मान्य करायला हवे. स्वर्गीय गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांचे महामंडळ आहे. ऑपरेशननंतरच्या सहा आठवड्यांचा खाडा भरून देणे हे त्याचे पहिले काम असायला हवे होते.

बाकीच्या समजुतींबद्दल थोडक्यात. हाडवैद्याचा घट्ट पट्टा बांधून बोटे काळीनिळी पडली, बधिर झाली तर पट्टा त्याच घटकेला सोडायचा आणि दवाखाना गाठायचा. पाय गमावण्याची गोष्ट काही तासांत घडते. ताज्या ऑपरेशनवर जोरकस मालिश नको, सुजलेल्या पिंढरीवर तर मुळीच नको. आंबट खाल्ले की टाके पिकतात, डाळीने पू होतो, या धास्तीने रुग्णाला महिनाभर पेज आणि चहा-बिस्किटांवर ठेवतात, तेव्हा त्याच्या झडणाऱ्या मांसाला बांधायला काहीच मिळत नाही. त्याला नेहमीपेक्षा अधिक डाळ, दूध, अंडी, मटकी, शेंगदाणे लागतात. पायाचे सूप चालेल, पण त्याने हाड लवकर जुळते असे नाही. बिडी-सिगारेटने हाड उशिरा जुळते, हे मात्र पक्के.

जगात २०१९ साली २४१ कोटी माणसांना, म्हणजे दर तिघांत एकाला, पुनर्वसनाच्या सेवेची गरज होती, असा जागतिक आरोग्य संघटनेबरोबर झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे, आणि मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य सभेने ही सेवा प्राथमिक आरोग्यापर्यंत न्यावी असा ठरावही केला. ठराव धाराशिवपर्यंत पोचायला वेळ लागेल. पण जिल्ह्यात आता स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचे केंद्र आहे. एका तालुक्यात, समजा लोहाऱ्यात, हा बेचाळीस दिवसांचा प्रयोग मोजमापासह वर्षभर करून पाहायला दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. निष्कर्ष माझ्या म्हणण्याविरुद्ध गेला तरी तो छापावा. तोवर वाचकांनी एक करावे. तुमचे माणूस दवाखान्यातून घरी आणताना बिल चुकते करण्याआधी सर्जनकडून मराठीत चार ओळी लिहून मागा : कोणत्या पायावर किती भार आणि कधीपासून, कोणते व्यायाम दिवसातून किती वेळा, काय टाळायचे, आणि काय झाले तर त्याच रात्री परत यायचे. द्यायला कुरकुर झाली तरी ती घेतल्याशिवाय निघू नका.